वेशीबाहेरची साक्ष

‘साक्ष’ या शब्दाची मराठीत दोन घरे आहेत. एक न्यायालयात, दुसरे चर्चमध्ये. पहिले सर्वांना ठाऊक आहे; दुसरे ख्रिस्ती मंडळींखेरीज फारसे कोणाला माहीत नसते. आमच्याकडे रविवारच्या उपासनेत किंवा एखाद्या घरच्या प्रार्थनासभेत कोणी उभे राहते आणि देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते चार वाक्यांत सांगून खाली बसते. त्याला ‘साक्ष देणे’ म्हणतात. दुखण्यातून उठलेली म्हातारी साक्ष देते, परीक्षेत पास झालेला मुलगा साक्ष देतो, दारू सुटलेला बाप्या मान खाली घालून साक्ष देतो. चार भिंतींच्या आत हे सारे अगदी मोकळेपणाने चालते. बाहेर पाऊल पडले, की तीच माणसे गप्प होतात. प्रस्तुत लेख त्या गप्प होण्याविषयी आहे आणि ते मौन सुटते कसे, याविषयी आहे. मराठीच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहावे असे मला वाटते, कारण हे मौन आमच्या घरांत जितके आहे तितकेच आपल्या वाङ्मयाच्या अध्यापनातही आहे.

माझे घराणे अहमदनगर जिल्ह्यातले. (२०२४ पासून तो अहिल्यानगर जिल्हा झाला आहे, आजोबांच्या कागदांत मात्र तो नगरच राहणार.) अमेरिकन मराठी मिशनने येथे १८३१ मध्ये ठाणे मांडले. पुढे १८७६-७८ चा दुष्काळ पडला आणि त्यानंतरच्या वर्षांत महारवाड्यांतून व मांगवाड्यांतून माणसे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. त्यांत माझे खापरपणजे होते. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. आठवड्याचे सहा दिवस पाढे आणि सातव्या दिवशी उपदेश. ‘ज्ञानोदय’ घरी येई, तो ते पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचत. त्यांच्या पत्रांचा मायना ठरलेला असे : ‘प्रभू येशूच्या नावात सलाम.’ आमच्या वस्तीत माणसे भेटली की नमस्कार म्हणत नसत, ‘सलाम’ म्हणत. पुष्कळांना हा शब्द मुसलमानी वाटतो. आम्हांला तो आमचा वाटे. आजीच्या तोंडचा, शेणाने सारवलेल्या ओट्यावरचा.

या शब्दाची लाज कधी वाटू लागली, त्याची तारीख सांगता येणार नाही. लाज अशी तारीख-वार पाहून येत नाही. तालुक्याच्या शाळेत गेल्यावर एवढे कळले, की घरातली मराठी आणि शाळेतली मराठी निराळ्या ठेवायच्या असतात. घरात ‘पाळक’, ‘मंडळी’, ‘उपासना’, ‘प्रभुभोजन’, ‘उपकारस्मरण’ हे शब्द. शाळेत त्यांतला एकही नाही. माझे नाव आणि आडनाव दोन्ही निरुपद्रवी आहेत. त्यांवरून काही ओळखू येत नाही. धाकट्या भावाचे नाव शमुवेल. त्याला ही सोय नव्हती. वर्गात हजेरी घेताना गुरुजी त्याच्या नावापाशी थांबत, आणि तो थांबण्याचा क्षण मी शेजारच्या वर्गात बसून ऐके. पुढे पुण्याला वसतिगृहात राहिले तेव्हा कपाळाला टिकली लावू लागले. टिकली लावण्यात वावगे काही नाही, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते. फरक इतकाच, की इतर मुली ती लावत आणि मी ती पांघरत असे.

शुभवर्तमानात पेत्राची गोष्ट आहे. गुरूला पकडून नेल्यावर हा शिष्य अंगणात शेकोटीपाशी जाऊन बसतो आणि लोक विचारतात तेव्हा ‘मी त्याला ओळखत नाही’ असे तीनदा सांगतो. या गोष्टीवरची प्रवचने मी लहानपणापासून ऐकली. बहुतेक प्रवचने कोंबड्याच्या आरवण्यापाशी जाऊन थांबतात. भाषेची विद्यार्थिनी झाल्यावर मला त्यातले दुसरेच एक वाक्य दिसू लागले. मत्तय सांगतो, की पेत्राला लोकांनी ओळखले ते त्याच्या बोलण्यावरून. तो गालीलचा, म्हणजे आडभागातला. त्याची बोली राजधानीत उघडी पडली. ज्याला लपायचे आहे त्याने आधी आपली बोली लपवली पाहिजे, हे त्या अंगणातल्या माणसांनाही ठाऊक होते. आम्ही ‘सलाम’ गिळून ‘नमस्कार’ म्हणायला शिकलो ते याच व्यवहारज्ञानातून.

आता या लाजेचे पदर वेगळे करून पाहिले पाहिजेत. वरवर पाहता ती श्रद्धेची लाज आहे असे वाटते. मला तसे वाटत नाही. मराठी साहित्याला धर्मांतराचे वावडे कधीच नव्हते. बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १८५७ मध्ये त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले; मराठी कादंबरीचा इतिहास आपण तेथून सुरू करतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये. या प्रत्येकावर त्या त्या वेळी वादळ उठले, आप्तांनी दारे लावली, वर्तमानपत्रांनी कोरडे ओढले. तरीही त्यांच्या धर्मांतराला कोणी विचारशून्य म्हटले नाही. त्यांना शोध होता, जिज्ञासा होती, तळमळ होती, हे त्यांच्या टीकाकारांनीही मानले. आमच्या खापरपणज्यांच्या वाट्याला मात्र एकच शब्द आला : ‘बाटगे’. आणि त्याला जोडून एक स्पष्टीकरण : ‘दुष्काळात भाकरीसाठी बाटले.’ पंडिताला शोध असतो आणि उपाश्याला नुसती भूक असते, अशी ही विभागणी आहे. टिळकांनी आणि रमाबाईंनी आपला प्रवास लिहून ठेवला. आमच्या माणसांना लिहिता येत नव्हते. ज्याने लिहिले त्याचा आत्मा दिसला, ज्याने लिहिले नाही त्याचे पोट दिसले.

भाकरीचा हा टोमणा मी पुष्कळ वर्षे मनात वागवला. तो आतून ठसठसत असे. एके दिवशी शांतपणे विचार करताना लक्षात आले, की हा टोमणा ज्या धर्माला मारला जातो त्या धर्माला तो लागतच नाही. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिच्यात रोजची भाकर मागितली आहे. रानात जमलेल्या लोकांना त्याने आधी पाच भाकरी आणि दोन मासळ्यांतून जेवू घातले. अखेरच्या रात्री आपली आठवण कशाने ठेवावी, हे सांगताना त्याने हातात भाकरच घेतली. ज्या देवाची ओळखच भाकरीतून होते, त्याच्याकडे कोणी भाकरीमुळे गेले, तर त्यात लाजायचे ते काय? ज्यांना गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता, त्यांना दुष्काळाच्या वर्षी कोणीतरी जवळ बसवून वाढले. त्या पंगतीत त्यांना देव दिसला असेल, तर त्यांची नजर अधू होती असे मी म्हणणार नाही.

दुसरा पदर कागदांचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठरला. १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती त्याबाहेर राहिले. वेशीबाहेरचे घर तेच, आडनाव तेच, गावकऱ्यांची वागणूक तीच. परंतु कागदावर ‘ख्रिस्ती’ लिहिले की ती जात सरकारदप्तरी पुसली जाते. परिणामी एकाच घराण्याच्या दोन शाखांत दोन तऱ्हेचे दाखले निघतात. दाखल्यावर एक आणि नाताळच्या तारेखाली दुसरे, असे जगणारी कितीतरी माणसे मी ओळखते. त्यांच्याकडे बोट दाखवणे सोपे आहे. ज्याच्या मुलाची फी भरायची आहे त्याला विचारावे. अशा घरांत श्रद्धा हळू आवाजात बोलायला शिकते आणि दोन पिढ्यांनी तिचा तोच स्वाभाविक आवाज होऊन बसतो.

आमच्या वस्तीला लागूनच बौद्धवस्ती होती. तिथे माणूस माणसाला भेटला की ‘जय भीम’ असा खणखणीत आवाज येई, एस.टी.त, बाजारात, कचेरीत, कुठेही. आमचा ‘सलाम’ मात्र आजूबाजूला पाहून निघे. एकाच गावकुसाबाहेरची ही दोन अभिवादने. एकाने १९५६ नंतर मान वर केली आणि दुसऱ्याची मान अजून खाली का, हा प्रश्न मला पडे. माझी एक बौद्ध सहकारी एकदा हसत हसत म्हणाली, “तुम्ही लोक देवळात मोठमोठ्यानं गाता आणि रस्त्यावर कुजबुजता. आमच्यात उलटं नाही बरं का, आम्ही दोन्हीकडं ओरडतो.” तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती, पण ते मनात राहिले.

सप्टेंबर २०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली. उस्मानाबादला (आताच्या धाराशिवला) जानेवारी २०२० मध्ये ते त्र्याण्णवावे संमेलन झाले. निवडीनंतर काही ठिकाणांहून विरोधाचे सूर उमटले. आमच्या स्टाफरूममध्येही चर्चा झाली. एक प्राध्यापक म्हणाले, “साहित्यिक म्हणून ठीक आहेत हो, पण हे ख्रिस्ती आणि मराठी हे जमतं कसं?” प्रश्न द्वेषाचा नव्हता. त्यांना खरोखरच ते जमवता येत नव्हते. त्यांच्यासमोर तीन हातांवर एक ख्रिस्ती बाई मराठीच्या उत्तरपत्रिका तपासत बसली होती, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी पुढची उत्तरपत्रिका घेतली. पिढ्यांच्या शिकवणीने हात आपोआप चालतो तसा तो चालला.

त्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला शिकवताना रोज भेटत होते. आपण फादर स्टीफन्स शिकवतो. १६१६ मध्ये गोव्यात छापलेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. त्यातली मराठीची स्तुती प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते, भाषणात वापरलेली असते, फलकावर लिहिलेली असते. उरलेल्या ओव्यांत काय आहे, हे विचारले तर वर्ग गप्प. ज्याच्यासाठी त्या परदेशी माणसाने मराठी शिकून एवढा खटाटोप केला, तो येशू आपण अभ्यासक्रमातून अलगद उचलून बाजूला ठेवला आहे. टिळकांचेही तेच. ते ‘फुलामुलांचे कवी’. त्यांची शेकडो भजने महाराष्ट्रभरच्या चर्चमध्ये दर रविवारी गायली जातात, म्हणजे आजही इतक्या नित्यनेमाने तोंडी असलेला आधुनिक मराठी कवी दुसरा शोधावा लागेल. पण ती भजने आपल्या ‘काव्या’त मोडत नाहीत. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तले संसाराचे विनोदी प्रसंग आपण चवीने शिकवतो आणि ज्या गोष्टीने तो संसार दुभंगला व पुन्हा सांधला, ती ओझरती सांगतो. घरात आम्ही जे करत होतो तेच विद्यापीठात चालले होते. ख्रिस्ती माणसाची मराठी घ्यायची आणि त्याचा ख्रिस्त झाकून ठेवायचा.

चार वर्षांपूर्वी माझी आई गेली. दफनविधीला कॉलेजमधले काही सहकारी आले. त्यांतल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी प्रथमच कळले, की आम्ही कोण. पाळकांनी वाचन केले आणि मंडळींनी टिळकांचे भजन उचलले. पेटी नव्हती, नुसते टाळ. आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सहकारी घरचे वारकरी; दरवर्षी आषाढीला चालत जाणारे. मी मधेच वर पाहिले तर त्यांचे ओठ हलत होते. शब्द त्यांना येत नव्हते, चाल येत होती. चालीबरोबर ते निघाले होते आणि शब्द त्यांना वाटेत भेटत होते.

आठवड्याने कॉलेजात गेले तेव्हा ते माझ्या टेबलापाशी आले. “मॅडम, तो अभंग कोणाचा?”

“टिळकांचा. नारायण वामन.”

“आणि चाल? चाल तर आमची होती.”

“आमचीही तीच आहे, सर.”

ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “इतकी वर्षं शेजारी बसतो आपण. हे तुम्ही आम्हांला कधी सांगितलं नाहीत.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, हळहळ होती, घरातले एखादे गोड फळ शेजाऱ्याला न देता संपून जावे तशी. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत, हे मी त्यांना सांगितले. “मग पूल दोन्ही बाजूंनी वापरता येत असणार,” ते म्हणाले आणि तासाला निघून गेले.

आईच्या मागे तिची ट्रंक उघडली. तळाशी आजोबांचे बायबल होते. मास्तरांची सवय म्हणून त्यांनी लाल-निळ्या पेन्सिलीने खुणा केलेल्या; बहुतेक निळ्या. लाल खुणा मोजक्या. त्यांतली एक इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात, एकाच शब्दाखाली : ‘वेशीबाहेर’. त्या ठिकाणचा आशय असा : अर्पणाच्या पशूंचे रक्त पवित्रस्थानात नेत आणि त्यांची कलेवरे वस्तीबाहेर नेऊन जाळत, त्याचप्रमाणे येशूनेही वेशीबाहेर मरण सोसले, तेव्हा आपणही त्याच्या वाट्याला आलेली निंदा सोशीत बाहेर त्याच्याकडे जावे.

हा अध्याय मी कितीदा तरी ऐकला होता. त्या लाल रेघेने तो पहिल्यांदा वाचला. यरुशलेमेच्या नगरद्वारासाठी कोण्या एका भाषांतरकाराने ‘वेस’ हा साधा मराठी शब्द योजला आणि त्याबरोबर सारे दृश्य आमच्या गावात येऊन उभे राहिले. वेस कोणाची आणि वेशीबाहेर कोण राहते, हे आजोबांना शब्दकोशात पाहावे लागले नसेल. मेलेली जनावरे ओढून गावाबाहेर नेण्याचे काम त्यांच्याच आज्या-पणज्यांकडे होते. पवित्र ते आत आणि कलेवर ते बाहेर, हा हिशेब त्यांनी अंगावर सोसला होता. त्या माणसाने हे वाक्य वाचले, तेव्हा त्याला काय वाटले असेल? देव आतल्या बाजूला असणार आणि आपण बाहेर, असेच आजवर सर्वांनी सांगितले होते. येथे कोणी सांगत होते, की तो बाहेर आहे. तुझ्याच बाजूला, तुझ्या वाड्याच्या अंगाला.

क्रूस ही रोमन साम्राज्यात मुख्यतः गुलामांना व बंडखोरांना देण्याची शिक्षा होती. मरण तर होतेच, पण त्याहून अधिक विटंबना होती. म्हणून ती लोकांच्या वाटेवर, सर्वांदेखत दिली जाई. पौल रोमच्या मंडळीला लिहितो, की मला सुवार्तेची लाज वाटत नाही. जे लाजिरवाणे नाही त्याविषयी कोणी असे लिहीत नाही. राजधानीतल्या लोकांना ‘आमचा प्रभू क्रूसावर टांगला गेला’ असे सांगणे खरोखरच खाली मान घालायला लावणारे होते. म्हणून त्याला ते लिहावे लागले. आजोबांच्या त्या रेघेने मला इतके कळले, की ज्याला मी माझ्या श्रद्धेची लाज समजत होते ती वेशीबाहेरच्या पत्त्याची लाज होती. आणि माझ्या श्रद्धेच्या मध्यावर नेमका तोच पत्ता लिहिलेला आहे. तो पत्ता झाकला तर देवाचेच घर झाकले जाते. लाज त्या दिवशी गेली असे म्हणणार नाही. तिचे कारण गेले. कारण गेले की लाज काही दिवस सवयीने येत राहते, मग कंटाळते.

पुढच्या वर्षी द्वितीय वर्षाला ‘स्मृतिचित्रे’ शिकवत होते. फळ्यावर ‘रे. टिळक’ लिहिले. एका मुलाने विचारले, “मॅडम, ‘रे.’ म्हणजे रमेश का?” वर्ग हसला. मी सांगितले, की ‘रे.’ म्हणजे रेव्हरंड. ते ख्रिस्ती पाळक होते. “पण ते तर मराठी होते ना?” तोच प्रश्न, स्टाफरूममधला, आता अठरा-एकोणीस वर्षांच्या तोंडून. मी म्हणाले, “मीही ख्रिस्ती आहे. आणि गेली दोन वर्षं तुम्हांला मराठीच शिकवते आहे.” पुन्हा हशा झाला, पण जरा वेगळा. त्यानंतर मी लक्ष्मीबाईंची सगळी हकिकत सांगितली. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी काढलेली दुराव्याची वर्षे. मिशनच्या आवारात राहूनही सोवळ्याने शिजवलेले अन्न आणि वेगळे भरलेले पाणी. मग एका क्षणी जातिभेद देवाने केलेला नाही हे स्वतःच्या बुद्धीने उमगणे. आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा. त्यांचा प्रवास ग्रंथांतून झाला नाही, पाण्याच्या भांड्यातून झाला, हे सांगितले. तास संपला. सगळे गेल्यावर एक मुलगी वही आवरत रेंगाळली. तिच्याही नाव-आडनावावरून काही कळत नाही. जाता जाता ती एवढेच म्हणाली, “मॅडम, माझी आजीपण सलामच म्हणते.”

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. वर्ग ही माझी व्यासपीठाची जागा आहे आणि समोरच्यांचे गुण माझ्या हातात आहेत. तिथे मी कोण आहे हे सांगेन. तुम्ही काय व्हावे हे सांगणार नाही. राज्यघटनेचे पंचविसावे कलम धर्म मुक्तपणे मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते; त्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले. या निकालावर कायद्याच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. मला मात्र या प्रश्नाचे उत्तर आमच्या जुन्या ‘साक्ष’ या शब्दातच सापडते. न्यायालयात साक्षीदार वेगळा असतो आणि वकील वेगळा. वकिलाला खटला जिंकायचा असतो. साक्षीदाराला जिंकायचे काही नसते. त्याने जे पाहिले तेवढेच सांगायचे, विचारले तेव्हा सांगायचे आणि पिंजऱ्यातून उतरायचे. मात्र विचारले असता गप्प बसण्याची मुभाही त्याला नसते. श्रद्धा उघडपणे सांगणे म्हणजे तिची वकिली करणे, असे समजल्यामुळे आमच्यातले कितीतरी सभ्य लोक अबोल राहिले आणि मैदान वकिलांना मोकळे मिळाले.

त्या वारकरी सहकाऱ्यांनी नंतर एकदा मला सरळ विचारले, “तुम्हांला यातून नेमकं काय मिळतं, मॅडम?” मी त्यांना तत्त्वज्ञान सांगितले नाही, आईची गोष्ट सांगितली. आमची अडीच एकर जमीन. शेजारचा शेतकरी दरवर्षी नांगरताना बांध कोरी. दरवर्षी वीतभर जमीन त्याच्याकडे सरके. आई रात्री दिवा मालवण्यापूर्वी प्रार्थना करी. तिच्या प्रार्थनेत नावांची यादी असे : मामा, मावशी, पाळक, गोठ्यातली गाय. त्या यादीत त्या शेजाऱ्याचेही नाव असे. त्याची मुलगी बाळंतपणाला आली होती तेव्हा आईने ‘तिची सुखरूप सुटका कर’ म्हणून देवाला विनवले. आणि सकाळी उठून, पदर खोचून, बांधावरून त्याच शेजाऱ्याशी कडाकडा भांडली. मी लहान होते. मी विचारले, “आई, रात्री तर त्याच्यासाठी प्रार्थना केलीस.” ती म्हणाली, “केली ना. प्रार्थना प्रार्थनेच्या जागी आणि बांध बांधाच्या जागी. भांडताना त्याचं वाईट व्हावं असं वाटू नये, म्हणून तर रात्री नाव घ्यायचं.”

“हे मिळालं,” मी म्हणाले. “हक्क सोडायचा नाही आणि द्वेष धरायचा नाही. दोन्ही एकदम जमत नाही कोणाला. मला तर नाहीच. पण ते जमलेली एक बाई मी रोज पाहत होते. ती म्हणे, प्रभूनं शिकवलं.”

त्यांनी यावर वाद घातला नाही. “आमच्याकडंही अशा बायका असतात,” असे म्हणाले आणि आपल्या आईविषयी बोलू लागले. तिने पाहिलेला विठोबा, तिचे उपवास, तिचे शेजारणीशी झालेले भांडण. त्या दुपारी आम्ही दोघांनी साक्ष दिली. कोणी कोणाला जिंकले नाही. स्टाफरूमच्या शिपायाने दिवे घालवायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या दोघांच्या आया अजून बांधावर उभ्या होत्या.